रचना थांबवू नका, आधी ती दाखवणं थांबवा

प्रश्न थोडक्यात असा आहे. बंगळुरूत राहणारं मराठी कुटुंब, मुलगी नववीत, सीबीएसई, सात वर्षं कर्नाटक गायन शिकतेय. गेल्या जूनपासून स्वतःच्या कृती (कर्नाटक संगीतातल्या बांधलेल्या रचना) रचायला लागली, आत्तापर्यंत अकरा झाल्या. मागच्या टेस्टला गणितात ८० पैकी ४१ पडले, क्लास टीचरचा फोन आला, आई म्हणते दहावी होईपर्यंत हे सगळं बंद, बाबा म्हणतात हीच तर तिची देणगी आहे, इन्स्टावर टाकूया, एखादी स्पर्धा बघूया. दोघांपैकी कोण बरोबर, असं बाबांनी विचारलंय आणि सोबत एका कृतीचं रेकॉर्डिंग पाठवलंय.

तर दोघंही आपापल्या जागी प्रेमापोटीच बोलताय हे मला कळतंय, पण माझ्या मते दोघंही चुकताय. रचना बंद करायची गरज नाही आणि ती लोकांसमोर मांडायची तर अजिबातच घाई नको. इतकी वर्षं मुलांना शिकवताना मी जे पाहिलं ते हे की मुलाचा वेळ खातं ते सुचणं नाही, दाखवणं खातं. एक पल्लवी, म्हणजे कृतीची पहिली, परत परत येणारी ओळ, सुचायला वीस मिनिटं लागतात, आणि तिचा व्हिडिओ करायचा म्हटला की अख्खा रविवार जातो, मग लाइक किती आले ते बघण्यात सोमवार, आणि कोणीतरी खाली काहीबाही लिहिलं की पुढचा आठवडा.

हे मी पुस्तकातलं सांगत नाहीये. मी माटुंग्यात वाढले, मराठी घरातली, शेजारच्या तमिळ मामींकडे सरळी वरिसे, म्हणजे अगदी पहिले स्वरांचे धडे, शिकायला लागले ती पुढे लग्नानंतर चेन्नईतल्या मैलापूरला गेले तिथेही शिकत राहिले. दहावीत असताना मी रीतिगौळ रागात एक वर्णम लिहिलं होतं. वर्णम म्हणजे सगळ्या रागाची सांगाडा-रचना, आमच्याकडे त्याला मोठा मान. मामींनी ऐकलं, दोन जागा दुरुस्त केल्या, वहीत ठेव म्हणाल्या. पण घरच्यांना इतका आनंद झाला की एका कार्यक्रमात मला ते म्हणायला लावलं, आणि तिथे एका जाणत्या माणसाने सगळ्यांसमोर सांगितलं की मुक्तायी स्वरात (वर्णमच्या पूर्वार्धाच्या शेवटच्या स्वरांच्या तुकड्यात) राग सुटलाय, आधी शंभर वर्णमं पाठ कर मग लिही. ते तांत्रिकदृष्ट्या बरोबरच होते. पण मी पंधरा वर्षांची होते आणि त्यानंतर नऊ वर्षं मी एक ओळ लिहिली नाही. परीक्षा माझ्या त्याच्या दोन महिन्यांनी होत्या, अभ्यास करत बसायचे आणि तेच वाक्य डोक्यात फिरायचं. म्हणून ‘दाखवू नका’ हे मी इतक्या जोरात सांगतेय.

आता रेकॉर्डिंगबद्दल. मी चार वेळा ऐकलं. आभोगी राग, आदि ताल, मराठी शब्द, ‘सावळ्या विठ्ठला ये रे’. आधी हे सांगते की मुलीला खरंच ऐकू येतं, म्हणजे चाल तिने शब्दांवर चिकटवलेली नाही, पहिल्या ओळीत शब्द आणि स्वर एकत्रच जन्मलेत, ते कळतं. आणि तिने समेवर सुरुवात न करता अर्धा ठोका सोडून उचललंय, हे तिला कोणी सांगितलं नसेल तर फार छान आहे.

पण तीन गोष्टी आहेत. ‘वि’वर तिने दोन ठोके थांबून ‘ठ्ठला’ पुढच्या टाळीवर टाकलंय. ‘वि’ लांबवला की ऐकणाऱ्याला ‘वी…ठ्ठला’ ऐकू येतं आणि विठ्ठल मोडतो. आदि तालात आठ ठोके, आधी चारचा लघु (एक टाळी आणि तीन बोटं), मग दोन द्रुतं (टाळी-उलटा हात, टाळी-उलटा हात). पाचव्या ठोक्याला, म्हणजे पहिल्या द्रुताच्या टाळीला, आमच्याकडे अरुदी म्हणतात, ओळ तिथे टेकते. तिला सांगा ‘सावळ्या’च्या ‘ळ्या’वर हवं तेवढं लांबव, ‘विठ्ठ’ लघु संपता संपता पटकन म्हण आणि ‘ला’ बरोबर अरुदीला टेकव, मग ‘ला’वर कितीही आळव, शब्द शाबूत राहतो. एवढा एक बदल केला की तीच ओळ वेगळी वाटेल, करून बघा म्हणावं.

दुसरं, आभोगी. स रि ग म ध, पंचम नाही निषाद नाही, बाविसाव्या मेळातला (मेळ म्हणजे मूळ राग), म्हणजे खरहरप्रियाच्या घरातला. उतरताना आमच्याकडे सरळ म ग रि स येतं आणि तो गांधार मध्यमाकडून झोके घेत येतो, तो झोका म्हणजेच आभोगी. तिने ओळीच्या शेवटी ग म रि स असं वळण घेतलंय, हे घरात हिंदुस्तानी ऐकलं जातं त्यातून आलंय, हिंदुस्तानीवाल्यांनी हा राग कर्नाटकातूनच घेतला पण त्यांच्यातले बरेच जण त्याला कानड्याच्या अंगाने गातात. ते सुंदरच आहे, पण कृतीत बसत नाही. ती रागवायची किंवा रडायची गोष्ट नाही, दोन घरांत वाढणाऱ्या मुलाची बोली जशी मिसळते तसं हे मिसळलंय, आणि खरं सांगायचं तर मला ते ऐकून माझं लहानपण आठवलं.

तिसरं म्हणजे प्रास. कर्नाटक कृतीत पल्लवीच्या पहिल्या शब्दाचं दुसरं अक्षर आणि अनुपल्लवीच्या (पल्लवीनंतरच्या भागाच्या) पहिल्या शब्दाचं दुसरं अक्षर जुळायला हवं, तमिळमध्ये याला एदुगै म्हणतात. तिची पल्लवी ‘सावळ्या’पासून आणि अनुपल्लवी ‘चंद्रभागे’पासून सुरू होते, म्हणजे व आणि द्र, जुळत नाही. ‘पाव’, ‘धाव’, ‘भाव’ने सुरू होणारं काहीही चालेल, पण ‘पवन’ चालणार नाही कारण ‘सा’ दीर्घ आहे आणि ‘प’ ऱ्हस्व, पहिल्या अक्षराची लांबीही जुळावी लागते. आपल्याला मराठीत शेवटचं यमक जुळवायची सवय असते म्हणून हे सुटतं. रागाचं आणि प्रासाचं हे तिला तुम्ही वाचून दाखवू नका, तिच्या टीचरकडून येऊ दे, का ते पुढे सांगते.

मराठीत कृती चालते का, असंही तुम्ही विचारलंय. अगदी चालते. तंजावरला १६७६ पासून भोसल्यांचं राज्य होतं, कर्नाटक संगीतातले थोर रचनाकार त्यागराज (१७६७ ते १८४७) तिरुवैयारूला राहिले ते त्याच राज्यात, आणि तिथले राजे सरफोजी दुसरे यांच्या नावावर तर मराठीत रचलेली कुरवंजी (नृत्यनाटक) आहे. तमिळ हरिकथेत आजही साकी, दिंडी, ओवी हे आपले शब्द आपल्याच चालींसकट आहेत, ते तिकडे गेलेल्या मराठी कीर्तनकारांमुळे. आणि पुरंदरदासांची मुद्रा (रचनेत गुंफलेली सही) ‘पुरंदर विठ्ठल’, म्हणजे तुमची मुलगी ज्या माणसाचे धडे पहिल्या दिवसापासून गातेय तो पंढरपूरच्याच देवाला हाक मारत होता. त्यामुळे परकं काही नाही. अडचण वेगळी आहे, ती उच्चाराची. तेलुगू शब्द बहुतेक स्वरावर संपतात म्हणून गाताना ते लांबवता येतात, मराठीत आपण ‘विठ्ठल्’, ‘चरण्’, ‘माउलीचं घर्’ असं शेवटचा अ गिळतो, मग ओळीच्या शेवटी गळा कुठे ठेवायचा कळत नाही. अभंगवाल्यांनी हे केव्हाच सोडवलंय, ‘विठ्ठला’, ‘चरणी’, ‘नयनी’, शेवटाला आ किंवा ई येईल असं रूप निवडायचं. अरुणा साईराम यांच्या मैफलीतले अभंग तिला ऐकवा, त्या मुंबईत वाढलेल्या आणि त्यांनी कर्नाटक मैफलीत अभंगाला जागा करून दिली. शब्द कुठे उघडे ठेवलेत एवढंच ऐकायचं.

आता टीचरचं. तुम्ही लिहिलंय की टीचरना यातलं काहीच माहीत नाही, मुलगी घाबरते, त्या म्हणतील आधी शिकवलेलं नीट कर. ही मला या सगळ्या प्रकरणातली सगळ्यात मोठी चूक वाटते, गणितापेक्षाही मोठी. आमच्या परंपरेत शिष्याने परस्पर रचना करणं हे काहींना उद्धटपणा वाटतो हे खरं आहे, जुन्या लोकांना जास्तच. पण लपवलेली रचना कधीच दुरुस्त होत नाही आणि मुलाला अपराधी वाटत राहतं. तिला सांगा की बाकीची मुलं गेल्यावर पाच मिनिटं थांब आणि ‘मी कृती केली’ असं नको म्हणू, ‘मिस, आभोगी म्हणताना हे असं सुचलं, बरोबर आहे का’ असं विचार. तुम्ही सोबत जाऊ नका. फोन तर नकोच. अकरामधली एकच न्यायची. मी स्वतः शिकवते म्हणून सांगते, मूल असं येऊन विचारतं तेव्हा रागावणारी टीचर फार कमी, बहुतेक जणी घरी जाऊन नवऱ्याला सांगतात. आणि समजा टीचर म्हणाल्या की अजून वेळ आहे, तर का ते विचारा, त्यांचं म्हणणं बहुधा बरोबरच असेल.

कारण अकरा कृती एका वर्षात हे जरा जास्त आहे. मुलं सुरुवात करतात, चरणम् (कृतीचा शेवटचा भाग) अर्धवट टाकतात, मुद्रा मात्र आधी ठरवतात (तुमच्या मुलीनेही ठरवलीय, गोड आहे, पण राहू दे अजून), आणि नव्या रागाकडे पळतात. माझ्याकडची मुलं रचायला लागली की मी त्यांना शब्द बंद करायला सांगते. आधी शिकलेल्या एखाद्या कृतीला चिट्टस्वर लिही, दोन आवर्तनं फक्त, नुसते स्वर, पण अशी बांधायची की ऐकणाऱ्याला पल्लवी परत यायच्या आधीच ती येणार हे कळलं पाहिजे. ते जमलं की एखाद्या वर्णमच्या चरणाला आपला एक एत्तुगड स्वर, म्हणजे चरणाच्या ओळीनंतर येणारा स्वरांचा तुकडा, लिही. मग तिल्लाना (हिंदुस्तानीतल्या तराण्यासारखी), त्यात शब्द नाममात्र. साहित्य म्हणजे शब्द सगळ्यात शेवटी. कल्पनास्वर ती रोज क्लासमध्ये म्हणतेच, ती तिथल्या तिथे केलेली रचनाच आहे, कागदावरची रचना म्हणजे त्यातलं टिकलेलं. हा रस्ता घेतला की दोन महिन्यांत एक चांगलं चिट्टस्वर होतं आणि तेवढं पुरे आहे, शाळेच्या वर्षात याहून जास्त कशाला हवंय.

बाबांनी प्रसिद्ध कर्नाटक गायक बालमुरलीकृष्णांचं उदाहरण दिलंय. सगळेच पालक देतात. हो, १९३० चा जन्म, आठ वर्षांचे असताना विजयवाड्यात पूर्ण कच्चेरी (मैफल), किशोरवयातच बहात्तरही मेळकर्त्यांत, म्हणजे मूळ रागांत, कृती, पुढे १९५२ मध्ये त्या छापूनही आल्या. पण त्यांच्या घरात वडील स्वतः वादक, आणि गुरू पारुपल्ली रामकृष्णय्या पंतुलू, ज्यांची परंपरा थेट त्यागराजांपर्यंत जाते, म्हणजे त्या मुलाच्या आजूबाजूला चोवीस तास दुसरं काही नव्हतंच. तुमच्या मुलीच्या आजूबाजूला बायोलॉजीचा प्रोजेक्ट आहे, स्कूल बस आहे, बंगळुरूचं ट्रॅफिक आहे. दुसरं टोकही बघा, थोर रचनाकार मुत्तुस्वामी दीक्षित काशीला कित्येक वर्षं राहून आले आणि मग तिरुत्तणीला त्यांची पहिली कृती झाली असं परंपरा सांगते, म्हणजे चांगले मोठे झाल्यावर. दोन्ही थोरच. वयावरून काहीच ठरत नाही, त्यामुळे चौदाव्या वर्षी अकरा कृती म्हणजे काहीतरी अचाट असं मनात धरू नका, आणि तिच्यासमोर तर बोलूच नका, त्या शब्दाचं ओझं पोरं फार दिवस वाहतात.

आता गणित. ४१ का पडले हे आधी बघा. पेपर आणा आणि कुठे गेले ते बघा. तुम्ही लिहिलंय की ती रात्री साडेअकरा-बारापर्यंत हेडफोन लावून बसते आणि सकाळी साडेसहाला बस. मग हा प्रश्न झोपेचा आहे हो, संगीताचा नाही, रात्री बारापर्यंत काहीही केलं असतं तरी ४१च पडले असते. रात्री साडेनऊनंतर तंबोऱ्याचं ॲप बंद आणि फोन हॉलमध्ये, हा नियम आईने करावा आणि बाबांनी मोडू नये.

मग रात्री सुचलं तर काय करायचं? सुचतंच, मला अजूनही सुचतं. त्यासाठी एक साधी वही उशाशी, आणि नियम एवढाच की फक्त एक ओळ स्वरात लिहायची, राग, ताल, कुठून उचलायची ते, बास. पूर्ण करायची नाही. सकाळी किंवा शनिवारी बघायचं. दहातल्या सात ओळी शनिवारी नको वाटतात, तीन राहतात, आणि ज्या राहतात त्या खरंच चांगल्या असतात. माझ्या एका विद्यार्थिनीने दहावीचं अख्खं वर्ष असं काढलं, एकही कृती पूर्ण केली नाही, वहीत साठेक ओळी होत्या, आणि परीक्षा संपल्यावर एप्रिल-मेमध्ये तिने त्यातून बसून जे केलं ते आजही मी दुसऱ्या मुलांना शिकवते.

रोजचं साधकम् (रियाज) मात्र सोडायचं नाही, परीक्षेच्या दिवसांतही नाही. वीस मिनिटं पुरेत, श्रुतीला आवाज लावायचा आणि एक वर्णम दोन काळात, म्हणजे दोन वेगांत. आठवड्यातून दोनदा अर्धा तास रचनेचा, वेळ ठरलेली, शनिवारी सकाळी आणि बुधवारी संध्याकाळी असं काहीतरी, आणि त्या अर्ध्या तासात आईने ‘अभ्यास झाला का’ विचारायचं नाही. हे छोटं वाटेल पण ह्याने फार फरक पडतो, कारण चोरून केलेली गोष्ट पूर्ण दिवस डोक्यात असते आणि वेळ दिलेली गोष्ट आपल्या वेळेपर्यंत थांबते.

गाण्याने गणित सुधारतं वगैरे मी सांगणार नाही, तसं मला दिसलेलं नाही, गाणारी मुलं गणितात कच्चीही असतात आणि पक्कीही. पण नववीला दोन चलांतली रेषीय समीकरणं आहेत ना, तर तिला हे द्या. आदि तालाचं एक आवर्तन म्हणजे ठोक्याला चार धरून ३२ मात्रा. एकच तुकडा तीनदा म्हणून संपवायचं आणि मधे दोनदा सारखं थांबायचं. तुकडा क्ष, थांबा य, तर ३क्ष + २य = ३२. क्ष ८ तर य ४, क्ष १० तर य १, क्ष ६ तर य ७. आता तिची पल्लवी अर्ध्या ठोक्यानंतर उचलते, म्हणजे दोन मात्रा जास्त, मग ३४ झाले, आणि क्ष १० ठेवला तर य २, क्ष ८ ठेवला तर य ५. हातावर ताल धरून तिने स्वतः ही उत्तरं म्हणून बघावीत, कुठलं कानाला बरं वाटतं ते निवडावं. य ७ गणितात बरोबर आहे पण म्हणताना तुकडे तुटल्यासारखे वाटतात, हे तिला पुस्तक सांगणार नाही. माझ्या घरी यावर एका मुलाने पाऊण तास काढला आणि त्याला वाटत होतं की तो क्लासला आलाय.

काही फुटकळ. सीबीएसईत कर्नाटक गायन हा विषय आहे, पण शाळा देत असेल तरच, चौकशी करा, नसेल तर त्यासाठी शाळा बदलू नका. केंद्र सरकारच्या सीसीआरटी संस्थेची सांस्कृतिक प्रतिभा शिष्यवृत्ती १० ते १४ वयासाठी असते, तुमच्या मुलीचं वय बहुधा निघून जाईल, धाकटा भाऊ मृदंगम शिकतोय लिहिलंय तर त्याच्यासाठी बघा. पुढे आकाशवाणीची स्पर्धा १६ व्या वर्षापासून देता येते, म्हणजे घाई करण्यासारखं आत्ता काही नाहीच. डिसेंबर-जानेवारीत चेन्नईचा संगीताचा सीझन असतो आणि मग त्यागराज आराधना (त्यागराजांच्या स्मृतीचा उत्सव), तेव्हाच शाळांच्या प्री-बोर्ड असतात, दरवर्षी हीच ओढाताण. पुढच्या वर्षी दहावीला एक काहीतरी निवडावं लागेल, तिला आत्ताच सांगून ठेवा म्हणजे डिसेंबरात भांडण होणार नाही. आराधनेत त्यागराजांच्या पंचरत्न कृती समूहात गायला मिळत असेल तर तेवढं सोडू नका, त्यात तयारी नवी लागत नाही आणि शंभर लोकांमध्ये बसून आदि तालात पाच कृती म्हणण्याने जे पोटात जातं ते कुठल्या क्लासमध्ये मिळत नाही.

आईसाठी एक वेगळं लिहिते. तुम्ही ‘बंद’ म्हणालात त्यामागची भीती मला कळते, मी पण एका मुलीची आई आहे, आणि दहावीचे मार्क कशाला लागतात हे मला कोणी सांगायला नको. पण चौदा-पंधराच्या वयात मूल स्वतःहून, कोणी न सांगता, एकटं बसून काही घडवतंय ही गोष्ट फार नाजूक असते. बंद केलीत तर ती ऐकेल, मुली ऐकतात. आणि दहावीनंतर तुम्ही परत सुरू कर म्हणाल तेव्हा सुरू होईलच असं नाही. तेव्हा बंद नको, कमी करा आणि झाकून ठेवा. जिथे पणती लावलीय तिथे वारा येऊ द्यायचा नाही एवढंच आपलं काम आहे.

आत्ताचं कामही सांगून ठेवते. या शनिवारी ‘विठ्ठला’चा ‘ला’ अरुदीला आणून बघू दे, मग टीचरना ऐकवू दे. वार्षिक परीक्षा संपली की चामराजपेठेत फोर्ट हायस्कूलच्या मैदानावर रामनवमीच्या कच्चेऱ्या सुरू होतील, महिनाभर चालतात. तिला घेऊन जा, मृदंगम दिसेल अशा बाजूला बसवा, आणि तिने वही सोबत घेतली तर घेऊ दे.